कोड, कुष्ठ आणि चट्टा

हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावर उमटणारे पांढरे डाग. त्यांत ना जंतू, ना संसर्ग. दोन्ही शब्द संस्कृत ‘कुष्ठ’चेच वंशज, आणि या नात्याचा भुर्दंड कोड असलेल्या मुलीला पडतो: लग्नाची बोलणी निघाली की नसलेल्या संसर्गाची भीती आडवी येते.

गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट म्हणजे ‘कुष्ठ’ हे मुळात एका रोगाचं नावच नव्हतं. ‘कुष्’ म्हणजे ओरबाडून काढणं, त्यावरून हा शब्द झाल्याचं सांगतात. चरकसंहितेत सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं असे अठरा प्रकार आहेत. त्यांत दद्रू म्हणजे आपला नायटा आहे, खाजरी पामाही आहे. कातडीची इतकी दुखणी सामावणारा हा शब्द पुढे आकसत एकाच रोगावर येऊन बसला. वर मराठीनं त्याला ‘महारोग’ हे आणखी जड नाव दिलं. सुश्रुताच्या आठ महाव्याधींत कुष्ठाच्या पंगतीला प्रमेह आहे (मधुमेह त्यातलाच), मूळव्याधही आहे. पण मधुमेह झालेल्याला कुणी महारोगी म्हणत नाही. बाबा आमट्यांनी १९४९ साली संस्था काढली तीही ‘महारोगी सेवा समिती’ याच नावानं. लोकांच्या तोंडी तेव्हा तोच शब्द होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये दुर्लक्षित त्वचारोगांसाठी एकत्रित आराखडा मांडला. कुष्ठ, खरूज, हत्तीरोग, काळ्या आजारानंतर उठणारे डाग यांसाठी दरवेळी वेगळी माणसं, वेगळी फेरी कशाला? एकदाच सगळं अंग नीट पाहावं. हत्तीरोगानं सुजलेल्या आणि कुष्ठानं बधिर झालेल्या पायांची निगाही बरीचशी सारखी: रोज धुणं, बोटांच्या बेचक्यांत भेगा बघणं, मापाची मऊ चप्पल. जुन्या ‘कुष्ठा’चा तो ऐसपैसपणा इथं पुन्हा कामी येतो आहे.

गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, दारात येऊन विचारतात, ‘अंगावर कुठं चट्टा आहे का?’ या साध्या शब्दाचं मला फार मोल वाटतं. चट्टा नायट्याचा असेल, कोडाचा असेल, कुष्ठाचाही असेल. ‘महारोग आहे का?’ म्हटलं असतं, तर दार लागलं असतं. ‘चट्टा’ म्हटल्यावर बाई पदर सावरत पाठ दाखवते. चट्टा बधिर निघाला आणि कुष्ठाचं निदान झालं, तर सरकारी दवाखान्यातून सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या, फुकट.