उसन्या शब्दाचा ठेवा

फिनलंडच्या किनाऱ्याला हजारो लहानमोठी बेटे आहेत. होडी हे तेथील दर्यावर्दी लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे साधन. त्यांच्या फिनिश भाषेत वल्ह्याला ‘आइरो’ म्हणतात. या चिमुकल्या शब्दाचा इतिहास मननीय आहे.

फिनिश ही स्वीडिश, जर्मन वा इंग्रजी यांच्या कुळातील भाषा नव्हे. तिचे जवळचे नाते एस्टोनियनशी व दूरचे हंगेरियनशी. होडीसाठीचा ‘वेने’ हा शब्द आणि वल्हवण्याचे क्रियापद ही तिची वडिलोपार्जित मिळकत होय. वल्ह्याचे नाव मात्र तिने दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी बाल्टिक समुद्रापलीकडच्या जर्मानिक शेजाऱ्यांकडून घेतले.

त्या शेजाऱ्यांच्या घरी पुढे काय झाले? मूळ शब्द झिजला. स्वीडिशमध्ये त्याचा ‘ओरा’ झाला, इंग्रजीत ‘ओर’. प्राचीन जर्मानिक रूप कोठे लिहून ठेवलेले नाही; भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेने जे रूप सिद्ध केले, ते ‘आइरो’ असेच आहे! राजा या अर्थी फिनिश ‘कुनिंगास’ हा शब्दही असाच. त्याच्याशेजारी इंग्रजी ‘किंग’ अगदी खुरटा दिसतो. डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसेन यांनी १८६९ साली या उसन्या शब्दांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

संस्कृतज्ञ वाचकांना येथे ‘अरित्र’, म्हणजे वल्हे, हा शब्द आठवेल. परंतु उच्चारसाम्याने फसू नये. ‘अरित्र’चे खरे आप्त म्हणजे लॅटिन ‘रेमुस’ आणि इंग्रजीतील वल्हवणे या अर्थाचे ‘रो’. ‘आइरो’ त्या घराण्यातला नाही. शब्दांची सोयरीक चेहऱ्यावरून नव्हे, वंशावळीवरून ठरते.

उसने घेतलेले ते हलक्या प्रतीचे, असा आपला समज असतो. येथे तर धन्याच्या घरी दागिना मोडला गेला आणि ज्याने तो उसना नेला, त्याच्या पेटीत मूळ घडण शाबूत राहिली. संत पॉलने तिमथीला सोपविलेली ठेव राखण्याची आज्ञा केली, ती आम्हांला येथे आठवते. आपली श्रद्धाही आपण कोणाकडून तरी स्वीकारलेलीच आहे. ती प्रथम कोणाच्या घरी होती, यापेक्षा आज आपल्या घरी ती कशी जपली जाते, हाच प्रश्न आपणांस विचारला जाईल.