अर्धसंवाहक लेसर : उत्सर्जनाचे स्थैर्य

अर्धसंवाहक लेसरमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता, तरंगलांबी व शलाकेचा आकार ही कालमानाने न बदलता टिकून राहणे, यास उत्सर्जनाचे स्थैर्य म्हणतात. शक्ती वाढविली की स्थैर्य ढळते, ही अडचण या लेसरांच्या इतिहासात प्रारंभापासून आढळते. तीवर मात करण्याच्या प्रयत्नांतूनच आंदोलक व विवर्धक एकाच स्फटिकावर घडविण्याची रचना पुढे आली.

प्रारंभ : १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील रॉबर्ट हॉल यांनी, तसेच आय. बी. एम. व लिंकन प्रयोगशाळा येथील गटांनी गॅलियम आर्सेनाइडाच्या संधीतून अवरक्त लेसर प्रकाश मिळविला. त्याच वर्षी निक हॉलन्याक यांनी दृश्य तांबडा प्रकाश देणारा लेसर तयार केला. हे लेसर द्रव नायट्रोजनाच्या तापमानाइतके (सु. –१९६° से.) थंड ठेवावे लागत व विजेच्या क्षणिक स्पंदांवरच चालत. भारतात या दशकाच्या मध्यास मुंबईजवळ तुर्भे येथील अणुऊर्जा केंद्रात (आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र) गॅलियम आर्सेनाइडाचा लेसर बनविण्यात आला आणि त्याच्या साहाय्याने तुर्भे व कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्था यांदरम्यान प्रकाशीय संदेशवहन साधण्यात आले.

निरनिराळ्या अर्धसंवाहकांचे थर एकावर एक रचण्याची कल्पना १९६३ मध्ये हर्बर्ट क्रोमर व झोरेस अल्फेरॉव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली. तिच्या आधारे १९७० मध्ये नेहमीच्या तापमानास अखंड चालणारे लेसर तयार झाले. या कार्यासाठी दोघांना २००० सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

शक्ती व स्थैर्य यांतील विरोध : या लेसरचा प्रकाश देणारा थर अतिशय पातळ असतो. पट्टा काही मायक्रोमीटर रुंद ठेवल्यास शलाका एकसंध राहते. परंतु प्रकाश इतक्या लहान क्षेत्रात एकवटतो, की विशिष्ट मर्यादेपलीकडे स्फटिकाचे टोक जळून निकामी होते. पट्टा शंभर मायक्रोमीटर रुंद केल्यास अनेक वॉट शक्ती मिळते. मात्र प्रकाश अनियमित तंतूंमध्ये विभागतो व शलाका एका बिंदूवर नीट केंद्रित होत नाही. शिवाय प्रवाहाबरोबर उष्णता वाढते, प्रणमनांक बदलतो आणि तरंगलांबी सरकते. स्फटिकातील विद्युत् भारवाहकांच्या संख्येतील चढउतारामुळेही प्रणमनांक बदलत असल्याने तीव्रतेतील अस्थैर्याचे कंप्रतेतील अस्थैर्यात रूपांतर होते. हा संबंध १९८२ मध्ये चार्ल्स हेन्री यांनी स्पष्ट केला.

तरंगलांबी निश्चित राखण्यासाठी स्फटिकातच सूक्ष्म जालक कोरण्याची पद्धत १९७० नंतर विकसित झाली. साध्या लेसरची तरंगलांबी दर अंश सेल्सियसला सु. ०.३ नॅनोमीटर सरकते, तर जालकयुक्त लेसरची सु. ०.०७ नॅनोमीटर. शक्तीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

एकात्म विवर्धक : यावर श्रमविभागणीचा उपाय योजण्यात आला. अल्प शक्तीच्या जालकयुक्त आंदोलकाने कंप्रता ठरवावयाची व पंख्यासारख्या रुंदावत जाणाऱ्या विवर्धकाने शक्ती वाढवावयाची, अशी ही योजना आहे. प्रकाश जसजसा वाढतो तसतसे क्षेत्रही वाढत असल्याने टोकावरील ताण मर्यादित राहतो. १९९२ च्या सुमारास अमेरिकेत एकाच स्फटिकावरील अशा रचनेतून एक वॉटहून अधिक शक्तीची, जवळजवळ विवर्तनाच्या मर्यादेइतकी शुद्ध शलाका मिळाली.

परंतु दोन्ही घटक एकाच स्फटिकावर आल्याने जुनी अडचण नव्या रूपाने उभी राहिली. गॅलियम आर्सेनाइडाचे उघडे टोक सु. ३० टक्के प्रकाश परत फिरविते. लेप देऊन हे प्रमाण हजारात एक किंवा त्याहून कमी करता येते. तथापि परतणारा हा अल्प प्रकाशही उलट वाटेवर पुन्हा विवर्धित होऊन आंदोलकात शिरतो. त्यामुळे आंदोलक एका कंपन प्रकारावरून दुसऱ्यावर उडी घेतो किंवा तीव्रता आपोआप स्पंदित होऊ लागते. बाहेरून परतणाऱ्या प्रकाशाचा लेसरवरील परिणाम १९८० मध्ये लँग व कोबायाशी यांनी समीकरणांत मांडला होता. तेच विवेचन येथेही पायाभूत ठरले. घटक सुटे असल्यास त्यांच्यामध्ये प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारा विलगक बसविता येतो. एकाच स्फटिकावर ते सहजी शक्य नसते. म्हणून टोक तिरपे करणे, परतणारा प्रकाश अडविणाऱ्या खाचा कोरणे, दोन्ही भागांना वेगवेगळा प्रवाह देणे व तापमान काटेकोर नियंत्रित करणे हे उपाय योजतात.

महत्त्व : रुबिडियमाचे अणू लेसरने थंड करण्याच्या प्रयोगांत ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. अणूच्या शोषणरेषेची रुंदी सु. ६० लक्ष हर्ट्‌झ असते, तर जालकयुक्त लेसरचे तापमान एका अंशाने बदलल्यास त्याची कंप्रता सु. ३० अब्ज हर्ट्‌झ सरकते. कंप्रता ढळल्यास पुरेशी शक्ती असूनही अणू थंड होत नाहीत. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अशा शीत अणूंवर संशोधन चालते.

स्थिर आंदोलक व त्यापुढे विवर्धक हे तत्त्व गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळांतही वापरतात. तेथील १,०६४ नॅनोमीटरचे लेसर निओडिमियमयुक्त स्फटिकाचे असून त्यांना ऊर्जा अर्धसंवाहक लेसर पुरवितात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेस २०२३ मध्ये केंद्र शासनाने मान्यता दिली. तिच्या चार किमी. लांबीच्या भुजांत प्रोटॉनाच्या व्यासाहूनही लहान अंतरभेद मोजावयाचे असल्याने प्रकाश जितका तीव्र तितकाच अचल असावा लागतो. अशा वेधशाळेत घटक सुटे ठेवून त्यांमध्ये विलगक बसविण्यास जागा असते. नखाहून लहान स्फटिकावर तेवढेच स्थैर्य साधणे हे मात्र अद्याप संशोधनाचे क्षेत्र आहे.