एक शब्द, तीन अर्थ : नागासाकीत छापलेले व्याकरण
१५७७ साली जुआंव रॉड्रिग्ज हा पोर्तुगीज मुलगा जपानात उतरला. पुढे तो जेझुइट झाला आणि हिदेयोशी व इएयासू या सत्ताधीशांपुढे दुभाषी म्हणून उभा राहिला. दरबारात हेतू सांगायचा की नुसती उपमा द्यायची, यात गल्लत परवडणारी नव्हती.

१६०४ ते १६०८ या काळात नागासाकीत त्याचे जपानी व्याकरण छापले गेले. साचा अर्थातच लॅटिनचा, आणि जपानी त्यात सहज मावणारी नव्हे.

‘योऽ नी’ हेच पाहा. ‘योऽ’ हे चिनीतून आलेले नाम. अर्थ रूप, तऱ्हा. आजच्या जपानीत ‘हाना नो योऽ नी’ म्हणजे फुलासारखे, ‘ओशिएता योऽ नी’ म्हणजे शिकवल्याप्रमाणे आणि ‘वासुरेनाइ योऽ नी’ म्हणजे विसरू नये म्हणून. तुलना, रीत, हेतू: तिन्ही एकाच शब्दावर!

लॅटिनमधील ‘उत’ही ‘जसे’ आणि ‘म्हणून’ असे दोन्ही अर्थ देतो. पण तो उपवाक्याच्या आरंभी येतो, ‘योऽ नी’ अखेरीस. मराठी ‘म्हणून’ची जागाही तीच.

१६१० मध्ये रॉड्रिग्जला जपान सोडावे लागले. व्याकरणाची संक्षिप्त, सुधारलेली आवृत्ती त्याने १६२० मध्ये मकावला छापून घेतली.