फुरशाचे विष आणि हृदयविकाराचे इंजेक्शन

पेरणीचे दिवस आले की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर डॉक्टर थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात. तेवढ्या वेळात गुठळी झाली नाही, तर विष रक्तात भिनले आहे असे समजून प्रतिविष सुरू केले जाते. याच फुरशाच्या विषाने हृदयविकाराच्या एका औषधाची वाट दाखवली, हे तुम्हाला माहीत आहे का?

गोष्ट जुनी आहे. 1882 मध्ये इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो यांनी ससा व गिनीपिग यांच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वाहिनीला इजा होताच रक्तातील अगदी लहान कण तिथे येऊन चिकटत होते. हेच प्लेटलेट्स. जखमेतून वाहणारे रक्त ते थांबवतात. पण हृदयाच्या अरुंद वाहिनीत जमले, तर झटका येतो.

1970 च्या दशकात अमेरिकेत जॉन फोल्ट्स यांनी कुत्र्यांच्या हृदयाची वाहिनी मुद्दाम अरुंद केली. तिथे प्लेटलेट्स साचून रक्तप्रवाह पुन्हा पुन्हा मंदावे. ॲस्पिरिन दिल्यावर हे थांबले. पुढे अनेक नवी औषधे याच पद्धतीने तपासली गेली.

1988 मध्ये फुरशाच्या विषातून एकिस्टॅटिन हे छोटे प्रथिन वेगळे केले गेले. ते प्लेटलेट्सना एकमेकांना चिकटू देत नाही. त्याच्या रचनेवरून टायरोफिबान हे कृत्रिम औषध घडवले गेले. ते आधी प्राण्यांवर व नंतर माणसांवर तपासले गेले आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजही ते रुग्णालयात शिरेतून देतात.

मात्र याच गटातील गोळ्या मोठ्या चाचण्यांत फसल्या. फायदा दिसला नाही, उलट मृत्यू वाढलेले आढळले. प्राण्यांत जमले म्हणजे माणसांत जमेलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

तुम्ही घेता ती ‘रक्त पातळ करायची गोळी’ या सगळ्या कसोट्यांतून आलेली आहे. खरे तर ती रक्त पातळ करत नाही, गुठळी होण्याची शक्यता कमी करते. स्टेंट बसवला असेल, तर ती मनाने कधीही बंद करू नका. शौच काळी झाली किंवा रक्त थांबत नसेल, तर लगेच डॉक्टरांना भेटा. आणि साप चावला, तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.