मैत्रींत शिकलेलें रसायनशास्त्र



रसायनशास्त्र हें नांव ऐकतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें शाळेंतील एक ठराविक देखावा उभा राहतो. फळ्यावर सूत्रें चढत आहेत, मास्तरांच्या हातांतील नळींत लाल पाण्याचा रंग एकाएकीं नाहींसा होत आहे, आणि मुलें मुकाट्यानें तें सारें वहींत उतरून घेत आहेत. तास संपतो. नळींत काय झालें हें सर्वांनीं पाहिलेलें असतें. कां झालें हें मात्र थोड्यांनाच कळलेलें असतें. मग मधल्या सुटींत एक मुलगा दुसऱ्यास विचारतो, “अरे, तो रंग गेला कोठें?” दुसरा उत्तर देतो, “मलाहि नीटसें उमगलें नाहीं, पण मला असें वाटतें कीं—” या “मला असें वाटतें” पासूनच बहुधा खऱ्या शिक्षणास आरंभ होतो.

हें माझें केवळ मत नव्हे. रसायनशास्त्राच्या इतिहासांत याला भक्कम आधार आहे. आज मी आपणांस लंडन शहरांतील दोन व्यक्तींची हकीकत सांगणार आहें. एक सुखवस्तु घराण्यांतील गृहिणी, दुसरा एका गरीब लोहाराचा मुलगा. विद्यापीठाचें दार दोघांनाहि बंद होतें. तिला स्त्री म्हणून, त्याला दारिद्र्यामुळें. दोघांनींहि रसायनशास्त्र हस्तगत केलें तें मित्रांशीं बोलून.

काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाचा. फ्रान्समध्यें लाव्हाझिए यानें जुन्या रसायनशास्त्राची इमारत पाडून नवी उभारली होती. लंडनमध्यें १७९९ सालीं रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था निघाली व १८०१ सालीं हंफ्री डेव्ही नांवाचा बावीस वर्षांचा तरुण तेथें व्याख्याता म्हणून आला. त्याची वाणी रसाळ आणि प्रयोग नेत्रदीपक. त्याच्या व्याख्यानांना सरदार-सावकारांच्या गाड्यांची रीघ लागे. स्त्रियाहि मोठ्या संख्येनें येत. त्यांतच जेन मार्सेट या बाई होत्या. त्यांचा जन्म १७६९ चा, वडील मूळचे स्वित्झर्लंडचे व्यापारी. यजमान अलेक्झांडर मार्सेट हे धंद्यानें डॉक्टर, पण मनानें रसायनशास्त्रांत रमणारे.

व्याख्यान ऐकून बाई घरीं येत तेव्हां त्यांच्या पदरीं काय पडे? आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं तें निर्भीडपणें सांगितलें आहे. प्रयोग इतक्या झपाट्यानें होत कीं त्यांतून स्पष्ट असा बोध होणें त्यांना जवळजवळ अशक्य वाटलें. पुढें मात्र एका स्नेह्याशीं त्याच विषयावर वारंवार बोलण्याची आणि प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहण्याची संधि त्यांना लाभली. हळूहळू विषयाचीं तत्त्वें त्यांच्या ध्यानांत आलीं, गोडी लागली, आणि मग पूर्वीं न कळलेल्या त्याच व्याख्यानांत त्यांना आनंद वाटूं लागला. व्याख्याता तोच, विषय तोच. मधल्या काळांत घडलें होतें तें फक्त संभाषण.

या अनुभवावरून त्यांना एक युक्ति सुचली. १८०५ सालच्या अखेरीस त्यांनीं “रसायनशास्त्रावरील संभाषणें” या अर्थाच्या नांवाचें दोन भागांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत मिसेस बी. नांवाची एक शिक्षिका आहे आणि एमिली व कॅरोलाइन या तिच्या दोन विद्यार्थिनी. एमिली शांत आणि अभ्यासू, कॅरोलाइन चपळ आणि थोडी फटकळ. या विषयांत आपल्याला फारशी मौज वाटेल असें दिसत नाहीं, हें कॅरोलाइन पहिल्याच संभाषणांत बजावते! वाचकाच्या मनांत जी शंका येते ती या दोघींपैकीं कोणीतरी विचारते. चुकीचें अनुमान काढण्याचा अधिकारहि त्यांना आहे. आणि ती चूक दुरुस्त होतां होतां वाचकाची चूकहि आपोआप दुरुस्त होते. पुस्तकावर लेखिकेचें नांव नव्हतें. स्त्रीनें असल्या गहन विषयांत हात घालावा कीं नाहीं याविषयीं तिलाच संकोच वाटत होता. तरीहि आवृत्तीमागून आवृत्ति निघाली, प्रत्येक आवृत्तींत नव्या शोधांची भर पडली, फ्रेंच भाषांतर झालें, आणि अमेरिकेंत तर लेखिकेस न विचारतांच तें छापून खपूं लागलें.

आतां दुसऱ्या घराकडे वळूं. ब्लँडफर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रीबो नांवाच्या गृहस्थाचें पुस्तकें बांधण्याचें दुकान होतें. तेथें १८०५ पासून एक मुलगा सात वर्षांच्या कराराने उमेदवारी करीत होता. त्याचें नांव मायकेल फॅराडे. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो बाहेरून बांधी आणि आंतून वाची. अशाच रीतीनें मार्सेटबाईंचें पुस्तक त्याच्या हातीं पडलें. त्यानें तें वाचून नुसतें खरें मानलें नाहीं. चार-दोन पेन्सांत जमतील असे प्रयोग करून त्यांतील विधानें पडताळून पाहिलीं. तीं खरीं ठरलीं, तेव्हां रसायनज्ञानाचा नांगरच आपल्या हातीं लागला असें आपल्याला वाटलें, अशा आशयाचें त्यानें पुढें म्हातारपणीं, १८५८ सालीं बाई निवर्तल्यावर, एका मित्राला लिहिलें.

परंतु पुस्तकांतील संभाषण कितीहि सजीव असलें तरी पुस्तक आपल्या नव्या शंकेला उत्तर देत नाहीं. तिला हाडामांसाचा सोबती लागतो. तो फॅराडेला डॉर्सेट स्ट्रीटवरील ५३ नंबरच्या घरांत मिळाला. तेथें जॉन टेटम नांवाचे एक चांदीकाम करणारे गृहस्थ राहत. त्यांनीं १८०८ सालीं आपल्या घरीं “सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी” स्थापन केली होती. सभासद म्हणजे कारकून, कारागीर, उमेदवार. ते बुधवारीं संध्याकाळीं जमत. एका बुधवारीं व्याख्यान, तर पुढच्या बुधवारीं सभासदांची आपापसांत चर्चा, असा क्रम असे. व्याख्यानाची फी एक शिलिंग. १८१० च्या फेब्रुवारींत फॅराडे तेथें जाऊं लागला तो आपल्या थोरल्या भावाकडून, रॉबर्टकडून, शिलिंग घेऊन. रॉबर्टहि बापासारखा लोहारकाम करणाराच. भट्टीपुढें घाम गाळून मिळविलेला तो शिलिंग त्यानें धाकट्याच्या ज्ञानासाठीं दिला, हें आपण विसरतां कामा नये.

तेथें फॅराडेला जे मित्र भेटले ते त्याला जन्मभर पुरले. त्यांतला बेंजामिन अॅबट हा शहरांत कारकुनी करणारा तरुण, जवळजवळ समवयस्क. अॅबटच्या घरच्या स्वयंपाकघरांत दोघे मिळून प्रयोग करीत. १८१२ च्या जुलैंत दोघांनीं आणखी एक प्रघात पाडला. एकाच शहरांत राहून, वरचेवर भेटत असतांहि, ते एकमेकांना लांबलचक पत्रें लिहूं लागले. हेतु हा कीं विचार कागदावर उतरविले म्हणजे त्यांतील ढिसाळपणा आपला आपल्याला दिसतो. पहिल्याच पत्रांत फॅराडेनें आपल्या विद्युत्घटाची हकीकत दिली आहे. अर्ध्या पेनीएवढ्या जस्ताच्या सात चकत्या, तांब्याचीं सात अर्धपेनी नाणीं, आणि मध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागद. एवढ्याशा सामग्रीनें त्यानें एका क्षाराचें पृथक्करण केलें आणि स्वतःच चकित झाला.

त्याच वर्षींच्या पत्रव्यवहारांत एक मोठा वाद येतो, तो क्लोरीनचा. पटकीच्या दिवसांत विहिरींत जी ब्लीचिंग पावडर टाकतात, तिच्या उग्र वासावरून हा वायु आपल्या परिचयाचा आहे. १७७४ सालीं स्वीडनमधील शील यानें तो प्रथम सिद्ध केला. लाव्हाझिएचें मत असें होतें कीं प्रत्येक अम्लांत प्राणवायु असलाच पाहिजे. त्यास अनुसरून बर्थोलेनें ठरविलें कीं हा हिरवट वायु म्हणजे मिठाचें अम्ल आणि प्राणवायु यांचा संयोग होय. पुरावाहि होता. हा वायु विरलेलें पाणी उन्हांत ठेविलें कीं त्यांतून प्राणवायूचे बुडबुडे निघत. १८१० सालीं डेव्हीनें याच्या उलट प्रतिपादन केलें. कोरड्या वायूंत त्यानें कोळसा विजेच्या योगानें पांढराशुभ्र होईपर्यंत तापविला. आंत प्राणवायु असता तर कोळशाशीं त्याचा संयोग झालाच असता. पण तसें कांहींच घडलें नाहीं. म्हणून हा संयोग नव्हे, मूलद्रव्य आहे, असें सांगून त्यानें रंगावरून त्याला क्लोरीन हें नांव दिलें.

हें नवें मत बर्झेलियससारख्या थोर रसायनशास्त्रज्ञालाहि पुढें कित्येक वर्षें पटलें नाहीं. तें एका कारकून मित्राला समजावून देण्याचें काम वीस वर्षांच्या फॅराडेनें अंगावर घेतलें! शंका उघड होत्या. त्या वायूंत मेणबत्ती जळते ती प्राणवायूवांचून कशी? उत्तर ज्योतीकडे पाहूनच मिळतें. ती धुरकट जळते व काजळी सोडते. कारण क्लोरीन मेणांतील उज्ज वायु ओढून घेतो आणि कर्ब तसाच टाकून देतो. मग रंग कां उडतो? कोरड्या वायूंत कोरडा रंगीत कागद ठेवा, रंग जात नाहीं. कागद ओला करा, जातो. म्हणजे कर्तबगारीचा वांटा पाण्याचा आहे. आणि ते बुडबुडे? तो प्राणवायुहि पाण्यांतलाच. एकेक आक्षेप असा उकलत गेला म्हणजे “मूलद्रव्य” या शब्दाचा अर्थ उमगतो. ज्यांतून दुसरें कांहीं निघतें असें सिद्ध करतां येत नाहीं, तें त्या काळच्या शास्त्रज्ञांच्या लेखीं मूलद्रव्य. ही व्याख्या पाठ करण्यास अर्धें मिनिट लागतें. समजण्यास मात्र शंका काढणारा मित्र लागतो.

१ मार्च १८१३ रोजीं फॅराडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें डेव्हीच्या हाताखालीं साहाय्यक म्हणून रुजू झाला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग. मोठ्या घरांत पाऊल पडलें म्हणून त्यानें जुनें मंडळ सोडलें नाहीं. एडवर्ड मॅग्राथ आणि दुसरे चार-पांच सभासद मिळून ते संध्याकाळीं जमत, एकत्र वाचीत, आणि एकमेकांचे उच्चार व वाक्यरचना निर्दयपणें सुधारीत. १७ जानेवारी १८१६ रोजीं फॅराडेनें रसायनशास्त्रावर पहिलें व्याख्यान दिलें तेंहि याच मंडळापुढें.

यांतून निष्पन्न काय झालें? १८२० सालीं फॅराडेनें क्लोरीन आणि कर्ब यांचे नवे संयोग तयार केले. डेव्हीच्या तापलेल्या कोळशानें जें नाकारलें होतें तें त्यानें दुसऱ्या वाटेनें घडवून आणलें. पुढच्याच वर्षीं अशाच आणखी एका संयोगावर त्यानें निबंध लिहिला तो रिचर्ड फिलिप्सच्या जोडीनें. हा फिलिप्स त्या बुधवारच्या मंडळांतलाच मित्र. १८२३ सालीं फॅराडेनें क्लोरीन वायूचें द्रव करून दाखविलें. मित्राच्या पत्रांत ज्याच्यावर वाद घातला, त्याच पदार्थानें त्याला शास्त्रज्ञांच्या पंक्तीला नेऊन बसविलें. आणि बाईंचें ऋण? तेंहि तो विसरला नाहीं. आपले निबंध छापून आले कीं त्यांच्या प्रती तो कृतज्ञतेनें मार्सेटबाईंकडे पाठवी.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. चारचौघे जमून बोलले म्हणजे ज्ञान होतेंच असें नाहीं. प्रत्येक अम्लांत प्राणवायु असतो या गोष्टीवर मोठमोठ्या पंडितांचें एकमत होतें, आणि तें एकमत चुकीचें होतें. मार्सेटबाई स्नेह्याशीं बोलल्या, पण प्रयोगहि पुन्हा करून पाहत होत्या. फॅराडे-अॅबट यांच्या वादांत शेवटचा शब्द फॅराडेचाहि नसे आणि अॅबटचाहि नसे, तो नळींतल्या पदार्थाचा असे. चर्चा शंका जागी करते. तिचा निवाडा प्रयोग करतो. यांपैकीं एकाला फारकत दिली कीं उरते ती एक तर घोकंपट्टी, नाहीं तर वायफळ वटवट.

आपल्या घरोघरच्या मुलांना आपण शांत बसून अभ्यास करण्यास सांगतों, आणि दोन मुलें पुस्तक उघडें टाकून बोलूं लागलीं कीं दटावतों. तीं कदाचित् क्रिकेटविषयीं बोलत असतील. पण कदाचित् त्या नळींतला रंग कोठें गेला याचाहि शोध करीत असतील. दटावण्यापूर्वीं क्षणभर कान देऊन ऐकावें, एवढीच माझी विनंति.

आणि शेवटीं माझ्याच या भाषणाविषयीं. नभोवाणीवर बोलणारा एकटाच बोलतो. आपण मध्येंच अडवून “थांबा, हें कळलें नाहीं” असें म्हणूं शकत नाहीं. डेव्हीच्या व्याख्यानानंतर मार्सेटबाईंची जी स्थिति झाली तीच आपली होण्याचा संभव आहे. त्यावर उपायहि त्यांचाच आहे. आतां यंत्र बंद करावें, आणि शेजारीं जो कोणी बसला असेल त्याला विचारावें, “त्या ओल्या कागदाचें तुला काय वाटतें?”