'बुरहान' : एका नावाचा दख्खनी प्रवास

'बुरहान' हा अरबी शब्द. अर्थ ठोस दाखला, पुरावा. दख्खनच्या इतिहासात सुफी, सुलतान, शहर आणि ग्रंथ या सर्वांनी हे नाव धारण केले आहे.

या नावाला इकडे मान मिळाला तो हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) यांच्यामुळे. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे ते मुरीद. मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादला हलविले, त्या काळात ते दख्खनला आले. 'गरीब' म्हणजे अरबीत परका, मुसाफिर. हा मुसाफिर इथलाच झाला. 1337 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. दर्गा खुलताबादेत आहे.

पुढे 1400 च्या सुमारास खानदेशच्या नसीर खान फारुकीने तापीकाठी शहर वसविले आणि हजरतांच्या नावावरून त्याला बुरहानपूर म्हटले. पैलतीरावरच्या वस्तीला त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराझी यांचे नाव दिले. शेख जैनुद्दीन स्वतः सुलतानाला भेटले, असे फरिश्ता लिहितो. परंतु त्यांचा इंतकाल 1369 मध्येच झाला होता! बुरहानपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे.

अहमदनगरच्या गादीवर पहिला बुरहान निजामशाह (1510-1553) आणि चांदबिबीचा भाऊ दुसरा बुरहान (1591-1595) बसले. या दुसऱ्याच्या पदरी सय्यद अली तबातबाने 'बुरहान-ए-मआसिर' हा इतिहास लिहिला. नागपूरच्या गोंड राजघराण्यातही अठराव्या शतकात बुरहानशाह झाला; त्याला रघुजी भोसल्यांचा आधार होता. हैदराबादचा पहिला निजाम 1748 मध्ये बुरहानपुरात वारला, तर त्याची कबर खुलताबादेत हजरत बुरहानुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे.

2023 मध्ये औरंगाबादचे आणि 2024 मध्ये अहमदनगरचे नाव बदलले. मुले वर्गात विचारतात, "सर, आपला इतिहासही गेला का?" नुसता अभिमान किंवा नुसती खंत हे त्याचे उत्तर नव्हे. एकाच नावात दिल्लीचा सुफी, खानदेशचे शहर आणि नागपूरचा गोंड राजा सामावतात, हे त्यांना दाखवावे. ऐकीव कथा सनावळीशी ताडून पाहायलाही शिकवावे. दावा करणाऱ्याकडे दाखला मागताना कुरआनात हाच 'बुरहान' शब्द आला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठी शिकवण कोणती?