अन्ना माग्दालेनाच्या कमानी

पाश्चात्त्य स्वरलेखनात एक अगदी साधी खूण आहे : स्वरांच्या माथ्यावर किंवा पायाशी काढलेली कमान. ती एकाच उंचीच्या दोन स्वरांना जोडत असेल, तर दुसरा स्वर नव्याने छेडायचा नाही, पहिलाच लांबवायचा. ती वेगवेगळ्या स्वरांवर असेल, तर ते न तोडता घ्यायचे. गजाच्या वाद्यावर याचा अर्थ एका गजात. भातखंडे लिपीतही कमान आहेच. स्वरांवर आली तर मींड, खाली आली तर एका मात्रेतले स्वर. अर्थात खूण जागची किंचित हलली तरी अर्थ हलतो, आणि हाताने लिहिणाऱ्याचा हात हलतोच.

ह्याचे सर्वांत छळणारे उदाहरण म्हणजे योहान सेबास्टियन बाखचे एकट्या चेलोसाठी रचलेले सहा सुइट. १७२०च्या आसपासच्या ह्या रचनांची बाखच्या हातची प्रत हरवली आहे. उरल्या आहेत त्या नकला. ऑर्गनवादक केल्नरने १७२६ साली केलेली एक, बाखची दुसरी पत्नी अन्ना माग्दालेना हिने त्यानंतर थोड्याच वर्षांत केलेली दुसरी, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणखी दोन. पहिली छापील आवृत्ती निघाली ती थेट १८२४ साली, पॅरिसमध्ये. स्वरांच्या बाबतीत ह्या प्रती बऱ्याच अंशी जुळतात. कमानींच्या बाबतीत मात्र प्रत्येकीचे मत वेगळे.

पोथ्यांच्या पाठचिकित्सेशी परिचय असणाऱ्यांना हा पेच नवा नाही. इथे मात्र अभ्यासकांच्या हाती एक दुर्मीळ साधन आहे. एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांची बाखची १७२०ची स्वहस्ताक्षरातली सुवाच्य प्रत सुदैवाने टिकली, आणि अन्ना माग्दालेनाने तिचीही नक्कल केली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या की लेखनिकेचा स्वभावच उघडा पडतो. स्वर उतरवण्यात ती दक्ष आहे. कमानी मात्र घाईच्या : कुठे उशिरा सुरू होतात, कुठे आधीच संपतात, बहुधा किंचित उजवीकडे सरकलेल्या. ती गायिका होती, गजाचा हिशेब तिच्या हातात नव्हता. (तिला दोष देण्याचे कारण नाही, तिच्या नकलेवाचून आपण बरेच गमावले असते.) ह्या कसोटीने चेलोच्या प्रतीतल्या कमानी डावीकडे सरकवून वाचाव्यात, असे म्हणता येते. पण किती सरकवाव्यात, हे कसोटी सांगत नाही. व्हायोलिनच्या प्रतीत ती चुकली म्हणून चेलोच्या प्रतीतही त्याच जागी, तेवढीच चुकली असेल, हे गृहीतकच.

पहिल्या सुइटच्या आरंभिकेचा पहिला बार घ्या. त्याच्या प्रत्येक निम्म्यात आठ स्वर आहेत. कमान पहिल्या तीन स्वरांवर आहे की चारांवर, यावर वादकांत दुमत आहे. कानाला फरक नगण्य वाटेल. हाताला तो फार मोठा आहे. तीन स्वर एका गजात घेतले आणि उरलेले पाच सुटे वाजवले, तर गजाच्या सहा हालचाली होतात. सहा ही समसंख्या, म्हणून पुढचा निम्मा पुन्हा ओढलेल्या, वजनदार गजावर सुरू होतो. चार जोडून चार सुटे ठेवले तर हालचाली पाच, आणि पुढची सुरुवात ढकललेल्या, हलक्या गजावर येते. जोरकस मात्रेवर ओढलेला गज असावा, हा त्या काळाचा संकेत होता. म्हणून मला तीनचा पक्ष पटतो. पण हिशेब इतका चोख जुळला की थोडा संशय येतोच.

एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांना असा संशय आला नाही. सारखी आकृती दिसली की त्यांनी सारखी कमान घातली, लांब, गुळगुळीत, आपल्या काळाच्या आवडीची. मूळ प्रतीत एकच आकृती पुन्हा येताना निराळी जोडली जाते, हा लेखनिकेचा गलथानपणा, की बाखने हेतूपूर्वक केलेला बदल? नीटनेटके करण्याच्या भरात हा प्रश्नच पुसला गेला.

२००० साली बेरेनरायटरने पाचही साधनांच्या छायाप्रती सुट्या सुट्या पुस्तिकांत छापून वादकांसमोर ठेवल्या. चार हस्तलिखिते आणि पॅरिसची छापील आवृत्ती. आता वादक ती पाने शेजारी मांडून बसतो आणि आपल्या प्रतीवर पेन्सिलीने आपल्या कमानी काढतो, पुढल्या वर्षी खोडता येतील अशा.